व्हिएन्नातला रविवार

१

डबीत गुलाबी कागद होता, कापूस होता. तन्मणी नव्हता.

रेवा तशीच पलंगाच्या कडेवर बसली. अंगावर काळी चंद्रकळा, हातात हलव्याच्या बांगड्या, आणि गळा मोकळा. बाहेर हॉलमध्ये संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मस्कतच्या घुब्र्यातल्या नि खुवैरमधल्या ओळखीच्या बायका जमलेल्या. कुणीतरी उखाण्याचा आग्रह करत होतं, हसण्याचे लोट उठत होते.

"आई, इकडे या जरा," रेवानं सासूला हाक मारली.

जयवंतीबाई तिळाच्या लाडवांचं ताट हातात घेऊनच आल्या. रिकामी डबी पाहिली आणि ताट त्यांनी सावकाश खाली ठेवलं. त्यांच्या सासूबाईंचा तन्मणी तो. मोत्यांचे सर, मध्ये लाल खड्यांचं खोड. रत्नागिरीहून मस्कतला त्यांच्या गळ्यातून आला आणि लग्नात त्यांनी स्वतःच्या हातांनी रेवाच्या गळ्यात घातला.

"व्हिएन्नाला नेला होतास ना?"

"नेला होता. त्या राजवाड्यातल्या संगीताच्या कार्यक्रमाला शुक्रवारी घातला. परत आल्यावर डबीत घातला, डबी कपाटात ठेवली. नंतर उघडलीच नाही."

"कुठल्या कपाटात?"

"भाड्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकच कपाट होतं. मुलींच्या खोलीत." रेवानं मान वर केली. मग जे मनातच ठेवायचं ते तिच्या तोंडून बाहेर पडलं, तेही मोठ्यानं. "त्या खोलीत आपली उर्वी झोपायची आणि मुस्कान."

दारात पाणी मागायला आलेल्या दोघीजणी उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

जयवंतीबाईंनी डबी मिटली. तन्मणी गेला होता, पण त्याच क्षणी त्याहून मोठं काहीतरी हातातून निसटलं होतं, आणि ते आता हॉलभर पसरणार होतं.

२

मस्कतमध्ये बातमीला गाडी लागत नाही. दुसऱ्याच दिवशी सकाळी नसीबा दारात उभी राहिली.

नसीबा आणि जयवंतीबाई यांची ओळख जुनी, जवळजवळ या शहरातल्या उड्डाणपुलांपेक्षाही जुनी. शांताराम, जयवंतीबाईंचे यजमान, तेव्हा मत्रहच्या बंदरात क्रेन दुरुस्त करायचे, आणि नसीबाचा नवरा बदरुद्दीन भाजीच्या पेट्या उतरवून घ्यायला बंदरावर यायचा. दोघेही रत्नागिरीकडचे. एकदा दोघांनी एका फणसाची वाटणी केली आणि त्यातून दोन घरं जोडली गेली. जयवंतीबाईंचा मुलगा प्रशांत नसीबाच्या ताटात जेवून वाढला. नसीबाची मुलगी मुस्कान या घरातल्या गणपतीच्या आरतीत टाळ्या वाजवत वाढली. आता शांताराम नाहीत, बदरुद्दीनचा मवालेहच्या बाजारात स्वतःचा गाळा आहे, आणि मुस्कान जयवंतीबाईंच्या नातीला, उर्वीला, गणित शिकवायला दर संध्याकाळी येते; व्हिएन्नालाही ती उर्वीच्या सोबतीला गेली होती. काल संध्याकाळी आली नव्हती.

"ही किल्ली घे गो," नसीबा म्हणाली. आत आली नाही.

"कसली किल्ली?"

"तुमच्या घराची. तुम्ही गावाला गेलेलात तेव्हा झाडांना पाणी घालायला दिलेली. चोराघरी किल्ली कशाला?"

"नसीबा, तोंडाला येईल ते बोलू नकोस."

"मी नाय बोलत. मस्कत बोलतंय. काल सोहारवरून शरीफभाईंच्या बायकोचा, होणाऱ्या विहिणीचा फोन आला. म्हणते, मुस्कानबद्दल काहीतरी कानावर आलंय, खरं काय? शुक्रवारी मंगनी, जयवंती. ताबिश चांगला मुलगा आहे, पोरीच्या मनातला आहे. कपडे शिवून आलेत." नसीबाचा आवाज फाटला. "ये, माझ्या घराची झडती घे. पिठाचे डबे उपस, गाद्या उलट्या कर, कोट झाड, पलंगाखाली वाक. काय सापडलं तर माझ्या तोंडावर फेक."

"झडती मी घेणार आहे," जयवंतीबाई म्हणाल्या, "पण तुझ्या घराची नाही. शुक्रवारच्या आत तुला सांगते तन्मणी कुठे गेला."

"आणि तुझ्याच घरातला कोण निघाला तर?"

नसीबा लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेली.

३

दिवसभर जयवंतीबाई एका जागी बसल्या नाहीत. गॅलरीत गेल्या, आत आल्या, निवडलेली मेथी पुन्हा निवडायला घेतली. सूनबाई स्वयंपाकघरात भांडी आदळत होती.

"रेवा, रागावू नकोस. मला त्या सहलीचं पहिल्यापासून सांग."

"काय सांगू? शुक्रवारी ते मोठं चर्च बघितलं, नागमोडी रंगीत कौलांचं. रात्री कार्यक्रम. शनिवारी वरच्या टेकडीवरचा राजवाडा, त्यात चित्रांचं म्युझियम आहे. रविवारी ती प्रचंड बाग. सोमवारी परत."

"सगळे सगळीकडे होते?"

"जितेश शनिवारी संध्याकाळी कुठेतरी भटकायला गेला. आणि रविवारी बागेत हे नव्हते. ऑफिसचा कॉल होता, फ्लॅटवरच बसले. मस्कतला रविवार म्हणजे कामाचा दिवस ना! रजा घेतली तरी कंपनीचा अर्बाब कुठे सोडतोय." रेवानं नळ बंद केला. "आई, मी मुद्दाम नाही हो बोलले. पण तुम्हीच सांगा, माझा भाऊ चोरी करेल? माझा नवरा करेल? मग उरलं कोण?"

हिशेब सरळ होता. सरळ हिशेबाची जयवंतीबाईंना फार भीती वाटायची.

संध्याकाळी जितेश आला. रेवाचा धाकटा भाऊ, खुवैरला एका कंपनीत नोकरी, लग्न नाही. तो घरात शिरण्याआधी त्याच्या ऊदाच्या अत्तराचा वास शिरायचा. इथल्या लोकांचं बघून त्यालाही त्याची चटक लागलेली, आणि हात सढळ.

"जितेश, मला मवालेहला नसीबाकडे सोडशील?"

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तशी जयवंतीबाईंनी विचारलं, "शनिवारी संध्याकाळी कुठे गेला होतास रे?"

गाडी किंचित डुलली.

"कोण, मी? असाच. तो मोठा पाळणा आहे ना तिथला, जुना. तो बघायला."

"पाळण्याचे फोटो?"

"ते... काढायचे राहिले."

"तू? जेवणाच्या ताटाचे चार फोटो काढणारा तू?"

जितेशनं दोन सिग्नल ओलांडले. मग म्हणाला, "आई, ताईला सांगणार नाही ना? शपथ घ्या."

"आधी बोल."

"तिथे एक ते चपटं, पोळीएवढं मोठं कटलेट मिळतं. सगळे म्हणत होते, ते खाल्ल्याशिवाय व्हिएन्ना नाही. गेलो, खाल्लं. खाऊन झाल्यावर कळलं कशाचं ते. वासराचं." त्यानं कपाळावर हात मारला. "ताईला कळलं तर मला घरात घेणार नाही. मी तेव्हापासून रोज मारुतीस्तोत्र म्हणतोय."

जयवंतीबाईंना एरवी हसू आवरलं नसतं. आज त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं.

नसीबा बाजारात गेली होती. मुस्काननं दार उघडलं. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"मावशी, तुम्ही पण विचारायला आलात?"

"हो. पण तू काय घेतलंस ते विचारायला नाही. तू काय बघितलंस ते विचारायला."

मुस्काननं दार मागे लोटून घेतलं. मग म्हणाली, "बघितलं नाही, ऐकलं. शनिवारी सकाळी कपाटाचं दार कुरकुरलं. अंधार होता, थंडी होती, मी रजईतून तोंड बाहेर काढलं नाही. वाटलं, उर्वी असेल."

"हे आधी का नाही बोललीस?"

"काय बोलू? उर्वीचं नाव घेऊ? माझ्यावर आलं म्हणून एका शाळकरी पोरीवर ढकलू?"

जयवंतीबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "उर्वी झोपली की ढोल वाजवले तरी उठत नाही. ती नव्हे. मला एकच सांग. कपाट उघडलं तेव्हा खोलीत कसला वास आला का?"

"वास? नाही." मग तिला प्रश्नाचा रोख कळला. "जितेशमामा नव्हते, मावशी. ते आले असते तर आंधळ्याला पण कळलं असतं."

जितेश नाही, उर्वी नाही. रेवा स्वतःचाच दागिना का चोरेल?

जयवंतीबाई खाली गाडीकडे निघाल्या. उरलेलं नाव त्यांनी मनातसुद्धा उच्चारलं नाही.

४

"उर्वी, मला फोटो दाखव तुमचे. सगळे."

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आलेली उर्वी एकदम खूश. आजीला फोटो दाखवायचे म्हणजे गणितातून सुट्टी. तिनं फोन टीव्हीला जोडला आणि सोफ्यावर मांडी घातली.

"हे चर्च, आजी. सो टॉल. आतमध्ये पण थंडी. इथे बाबाची तिकिटं हरवली."

"कसली तिकिटं?"

"ट्रामची. वीकवाली. बाबानं कोटच्या आतल्या पॉकेटमध्ये ठेवली आणि हरवली! जितूमामा बोलला, दाजी, तुमचा खिसा आहे की विहीर. परत घ्यायला लागली."

पडद्यावर सगळे कोटांत गुंडाळलेले. जयवंतीबाई ते कोट ओळखत होत्या. मस्कतमध्ये थंडीचे कोट कुणी विकत घेत नाही, घालणार कधी? बदरुद्दीन व्यापाऱ्यांबरोबर तुर्कस्तानला गेला तेव्हा त्यानं दोन्ही घरांसाठी घेतलेले पाच कोट गेली कित्येक वर्षं ओळखीच्या घरांतून फिरत होते. कुणी लंडनला निघालं, कुणी सिमल्याला, की नसीबाच्या कपाटातून कोट निघायचे, आणि आले की धुण्याआधीच परत जायचे. लहानमोठ्या अंगांवर तेच पाच कोट, वेगवेगळ्या देशांत. बदरुद्दीनचा लांब, कापूस भरलेला काळा कोट पडद्यावर प्रशांतच्या अंगावर होता.

"हा शनिवार. पॅलेस. हे बघ, सिंहाची बॉडी आणि बाईचं फेस, गार्डनमध्ये."

राजवाड्यासमोरच्या बागेत कारंजी बंद, झाडं उघडी, वाफे नुसते मातीचे. प्रशांत पुतळ्याशेजारी उभा, डावा हात छातीशी. पुढचा फोटो तळ्याच्या काठी, हात छातीशी. पायऱ्यांवर, हात छातीशी.

जयवंतीबाई पुढे सरकून बसल्या.

एके काळी नणंदेच्या लग्नाचं सोनं घेऊन शांताराम मत्रहच्या सोनारगल्लीतून निघाले ते थेट रत्नागिरीच्या घरात पोचेपर्यंत त्यांनी हात छातीवरून काढला नव्हता. विमानातल्या मुलीनं दोनदा विचारलं, आपल्याला बरं वाटत नाही का? छोटा प्रशांत शेजारच्या सीटवर होता. त्याला तेव्हाच सांगितलं होतं, परक्या घरात सोनं ठेवायचं नसतं बाळा, अंगावर वागवायचं असतं.

"तुमचा तो फ्लॅट कसा होता गं? कुलूप बरं होतं?"

"कुलूपच नव्हतं. डोअरवर नंबर दाबायचा, ओपन. बाबाला आवडलं नाही. बोलला, कोणी पण नंबर दाबेल."

"पुढे?"

"आत कोट घालून नाही जाऊ देत. कोट, बॅग सगळं काउंटरवर द्यायचं, ते टोकन देतात. हे सोनेरी पेंटिंग, खूप फेमस. पूर्ण गोल्ड, आणि दोघं जण..." उर्वी लाजली आणि फोटो भरकन पुढे सरकवला. "हे शॉप. म्युझियमचं. मला हे स्कार्फ पाहिजे होतं, त्या पेंटिंगचं डिझाइन. बाबा नो बोलला. खूप महाग बोलला."

रुमाल सोनेरी होता, त्यावर चौकोन आणि चक्रं. जयवंतीबाई उठल्या. आतल्या खोलीत जाऊन कपाटाच्या तळातून एक घडी काढून आणली.

"असा?"

"आजी!" उर्वी किंचाळली. "सेम! कॉर्नरला पॅलेसचं नाव पण आहे. हे फक्त तिथेच मिळतं, काउंटरवालीनं सांगितलं. तुला कोणी दिलं?"

"दिलं कुणीतरी. पुढचे फोटो दाखव."

"हा संडे. गार्डन. आजी, सो बिग. स्टॅच्यूंना विंटरमध्ये लाकडाच्या बॉक्समध्ये ठेवतात. आणि हे काचेचं घर, आतमध्ये गरम. गेस कर काय होतं. डेट पाम! खजूर! आई बोलली, मस्कतवरून येऊन तिकीट काढून खजूर बघतोय आपण." उर्वी खिदळली. "नंतर परत येताना दूध पाहिजे होतं चहाला. एक शॉप ओपन नाही. पूर्ण रोड बंद, सगळे शटर डाउन. संडेला तिथे कोणी काहीच विकत नाही. मुस्कानदीदी बोलली, फ्रायडेला आपल्याकडे निदान संध्याकाळी तरी उघडतं. शेवटी रेल्वे स्टेशनवर मिळालं."

जयवंतीबाईंच्या हातातला रुमाल थंड पडल्यासारखा वाटला.

सहलीहून आल्यावर प्रशांतनं तो त्यांना गुपचूप दिला होता, उर्वीला दाखवू नकोस म्हणून. कुठे घेतलास, त्यांनी सहज विचारलं होतं. आणि तो सहज म्हणाला होता, "रविवारी दुपारी, ही सगळी बागेत गेली तेव्हा. बाजारात फिरलो जरा. दुकानं नुसती गजबजलेली होती, आई."

५

प्रशांत ऑफिसातून आला तेव्हा जयवंतीबाई चपला घालून तयार होत्या.

"मला जरा समुद्रावर ने."

घुब्र्याच्या किनाऱ्यावर पोरं फुटबॉल खेळत होती. प्रशांतनं गाडी लावली. जयवंतीबाई उतरल्या नाहीत.

"प्रशांत, व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात."

त्यानं इंजिन बंद केलं.

"बायकोला सांगितलंस ऑफिसचा कॉल होता. मला सांगितलंस बाजारात होतो. बंद बाजार तुला गजबजलेला दिसला, कारण बाजाराकडे तुझं लक्षच नव्हतं आणि रविवार म्हटला की तुझ्या डोळ्यांपुढे मस्कत येतं. रुमाल त्या राजवाड्यातल्या दुकानातला आहे. शनिवारी तू तो उर्वीला नाकारलास, म्हणजे शनिवारी घेतला नाहीस. रविवारी तू परत तिथेच गेलास, एकटा. बघितलेलं म्युझियम माणूस लागोपाठ परत कशाला बघेल? तिथे काहीतरी विसरलं असेल तरच."

"आई..."

"शनिवारी सकाळी कपाट तूच उघडलंस. नंबरच्या दारावर तुझा विश्वास नव्हता. डबी तिथेच ठेवलीस आणि तन्मणी कोटाच्या आतल्या खिशात घातलास. सकाळच्या सगळ्या फोटोंत हात छातीशी आहे तुझा. अगदी तुझ्या बाबांसारखा."

प्रशांतनं स्टीअरिंगवर डोकं टेकलं. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण मान तशीच, शाळेतून मार खाऊन आल्यासारखी.

"कोट काढून द्यायला लावला त्यांनी," तो म्हणाला. "मागे रांग होती. सगळ्यांदेखत खिशातून दागिना कसा काढणार? वाटलं, तासाभराचा तर प्रश्न आहे. संध्याकाळी फ्लॅटवर येऊन बघतो, तर खिसा रिकामा. रविवारी गेलो. माणसं चांगली होती, कोपरान् कोपरा शोधला त्यांनी. नंबर घेतला माझा. निघताना तिथेच तो रुमाल घेतला. का घेतला देव जाणे. तुझ्या सासूबाईंची वस्तू घालवली, म्हणून तुझ्यासाठी काहीतरी..."

"आणि मुस्कान?"

"मी तिचं नाव नाही घेतलं, आई."

"नाही घेतलंस. दुसऱ्यानं घेतलेलं पुसलंसही नाहीस. त्या दिवसापासून घरात बसून जेवतोयस. तुला घास कसा उतरतो रे?"

"रोज ठरवत होतो, आज सांगीन. मग बातमी वाढत गेली. जितकी वाढली तितकं अवघड झालं."

समोर चेंडू पाण्यात गेला, पोरं ओरडली. जयवंतीबाईंचं मन मात्र पुढे धावत होतं. कुठेतरी एक टाका सुटला होता आणि त्याचं टोक त्यांना दिसत होतं.

"ट्रामची तिकिटं कुठल्या खिशातून हरवली तुझी?"

"आतल्या."

"आणि तन्मणी?"

"त्याच." प्रशांतनं मान वर केली.

"एकाच खिशातून दोन वस्तू जातात तेव्हा चोर बाहेर शोधायचा नसतो. खिसा उसवलेला आहे. तन्मणी कुणी घेतला नाही. तो अस्तरात उतरलाय, खाली, कापसात."

"म्हणजे आहे?" तो आनंदानं ओरडलाच. "आई, म्हणजे कोटात आहे तो!"

"हो. आणि कोट कुठे आहे?"

प्रशांतचा चेहरा हळूहळू उतरला. कोट त्यानं स्वतःच परत केला होता, घडी घालून, पिशवीत भरून. कोट नसीबाच्या कपाटात होता. मुस्कानच्या घरात.

६

"उद्या कोट झाडताना तो नसीबाच्या हाती लागला, तर काय होईल?" जयवंतीबाईंनी विचारलं. "ती प्रामाणिकपणे आणून देईल. आणि सगळं मस्कत म्हणेल, बघा, निघाला ना त्यांच्याच घरातून! मग तू कितीही ओरड, लोक म्हणतील, जुने संबंध म्हणून झाकतायत."

"मी गुपचूप जाऊन कोट मागून आणू? म्हणू, जितेशला हवाय?"

"आणि तन्मणी घरातच सापडला म्हणून सांगू? मग मुस्काननं घाबरून परत आणून टाकला असं म्हणतील." त्यांनी पदर खोचला. "आधी तोंड उघडायचं, मग कोट. हा क्रम चुकला तर ती पोर जन्मभर चोर. घरी चल, रेवाला घेऊ."

रेवाला गाडीत सांगितलं. ती आधी नवऱ्यावर भडकली, मग रडली, मग मवालेह येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

नसीबानं दार उघडलं आणि तिघांना पाहून तिचा चेहरा दगड झाला. मुस्कान मागे उभी होती. कुणी बसा म्हटलं नाही.

"खाला," प्रशांत नसीबाला म्हणाला, "तन्मणी मी हरवला. मुस्काननं नाही. मी कपाटातून काढला, मी खिशात घातला आणि मी गप्प बसलो." एकदा बोलायला लागल्यावर तो थांबला नाही. म्युझियम, काउंटर, रविवार, खोटा कॉल, सगळं. शेवटी म्हणाला, "आईला वाटतं तो अजून कोटातच आहे. बदरुद्दीनचाचांच्या. तुम्हाला ठाऊक नाही, कुणालाच ठाऊक नाही. म्हणून आधी सांगितलं."

नसीबा आत गेली. कोटाची पिशवी आणून तिनं टेबलावर ठेवली, शेजारी कात्री ठेवली आणि दोन पावलं मागे सरली.

"मी हात लावणार नाही. मुस्कान, तू पण लांब हो. रेवा, तू काप. तुझ्या डोळ्यांनी बघ."

रेवानं कोट उलगडला. आतल्या खिशात बोटं घातली, ती कोपऱ्यातून आरपार गेली. तिनं खालच्या शिवणीला कात्री लावली. आधी कापूस निघाला. मग मुडपलेली ट्रामची तिकिटं. मग तिची बोटं थांबली, आणि मोत्यांचा सर लाल खड्यांसकट हलकेच टेबलावर घरंगळला.

रेवानं कात्री खाली ठेवली.

"याला लहानपणी मी भरवलंय," नसीबा प्रशांतकडे न बघता म्हणाली. "तेव्हा एक थोबाडीत द्यायला हवी होती. राहूनच गेलं."

"आता द्या, खाला."

"आता हात दुखतात माझे."

रेवा मुस्कानपुढे गेली. हात जोडले. "मुस्कान, माझी चूक झाली गं. मला माफ कर."

"वहिनी, इथे चार भिंतींत माफी मागताय," मुस्कान म्हणाली. आवाज शांत होता, पण त्यात धार होती. "नाव घेतलंत तेव्हा हॉल भरलेला होता."

"मी त्यातल्या एकेकीला फोन करते. आज."

"करा. आणि दादा, तुम्ही शरीफचाचांना करा."

"उद्या मी स्वतः सोहारला जातो, समोरासमोर..."

"आत्ता," मुस्कान म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येईल असा."

प्रशांतनं आईकडे पाहिलं. लहानपणापासून तो असाच बघायचा आणि त्या धावायच्या. जयवंतीबाईंना आताही बोलावंसं वाटलं, फोन हातात घ्यावासा वाटला. मी सांगते म्हटलं असतं तर शरीफभाईंनी वडीलधारी म्हणून ऐकून घेतलं असतं. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

त्यानं नंबर लावला. फोन टेबलावर ठेवला.

"अस्सलाम आलेकुम, शरीफभाई. मी प्रशांत बोलतोय, मस्कतहून." त्यानं फोन जवळ ओढला. "मुस्कानबद्दल तुमच्या कानावर जे आलं, ते खोटं आहे. आणि ते खोटं आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

त्यानं सगळं सांगितलं. पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग शरीफभाई म्हणाले, "तुम्ही हे शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलाल? माझ्या घरचे, पाहुणे, सगळे असतील."

"बोलेन."

"मग खलास. विषय संपला. आम्ही येतो, इन्शाल्ला. बदरुद्दीनभाईंना सलाम सांगा."

नसीबानं डोळ्यांना ओढणी लावली. प्रशांतनं फोन बंद करायला हात पुढे केला. त्याच्याआधी मुस्काननं तो उचलला.

"चाचा, मी मुस्कान. विषय तुमच्याकडून संपला. माझ्याकडून एक गोष्ट राहिली."

"मुस्कान!" नसीबा दबक्या आवाजात ओरडली. जयवंतीबाईंनी तिचा हात धरला आणि सोडला नाही.

"तुमच्या घरून अम्मीला फोन आला. सोहारमध्ये आणखी चार ठिकाणी विचारलंत, ते पण मला कळलं. मला कुणी विचारलं नाही. ताबिशनं पण नाही. मी खरं सांगितलं असतं. शुक्रवारी या, पण आल्यावर आधी मी हे विचारणार आहे. सगळ्यांसमोर. चालेल?"

पलीकडे पंखा फिरत राहिला. मग कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला आणि शरीफभाईंऐवजी एक तरुण आवाज फोनवर आला.

"शुक्रवारपर्यंत कशाला थांबतेस," ताबिश म्हणाला. "आत्ताच विचार."